देवाच्या पाण्याचा चहा

जन्मभर काय काम केलं असं कुणी विचारलं की मी सांगते, चहा प्याले. समोरचा हसतो आणि म्हणतो, ते तर आम्हीही केलं. मग मी सांगते, मी प्यालेला बहुतेक चहा थुंकून टाकला आणि त्याबद्दल मला पगार मिळाला. इथं त्याचं हसणं थांबतं आणि तो खुर्ची जराशी मागं घेतो.

संभाजीनगरच्या जुन्या बाजारात खुल्या चहाची एक पेढी आहे. तिथं माझी उमर गेली. खुला चहा म्हणजे पाकिटातला नव्हे, पोत्यातला. तराजूवर तोलून पुडीत बांधून देतात तो. पण पोतं उघडलं आणि पुडी बांधली इतकं ते सोपं नसतं. आसामची दाणेदार पत्ती, तिला आमच्या धंद्यात ममरी म्हणतात, ती दुधाला हार जात नाही. पण नुसती तीच घातली तर चहा होतो कडक आणि वासाच्या नावानं शंख. मग वास निलगिरीच्या पत्तीकडून उसना घ्यायचा. टपरीवाल्याला रंग झटपट लागतो, त्याला बारीक भुकटी जास्त घालायची. हे सगळं प्रमाणात जमवून जे तयार होतं त्याला आम्ही 'मिक्स' म्हणतो, आणि ते जमवणारी बाई म्हणजे मी, सुजाता.

पेढीचे मालक करीमचाचा. माझे वडील त्यांच्याकडं हमाल होते. चहा तेव्हा लाकडी पेट्यांतून यायचा, आतून चांदीसारखा कागद लावलेला. मी वडिलांचा डबा घेऊन जायचे आणि पेट्यांचा वास घेत बसायचे. एकदा मी सहज म्हटलं, ही पेटी आणि ती पेटी एका मळ्यातल्या नाहीत. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही पेट्या फोडायला लावल्या, दोन्हीचा चहा करून चाखला आणि वडिलांना म्हणाले, "इसकू डब्बा देने कायकू भेजते? काम पे भेजो." वडिलांना आधी वाटलं, पोरीनं काही चोरलं की काय.

चहा चाखायची रीत चाचांनी शिकवली. पांढऱ्या कपांत कोरा चहा ओळीनं मांडायचा. चमचाभर घ्यायचा आणि जोरात ओढायचा, फुर्र असा आवाज झाला पाहिजे. म्हणजे तो तोंडभर उडतो आणि त्याचा वास आतून नाकात चढतो. मग थुंकायचा आणि पुढच्या कपाकडं जायचं. चवीचं निम्म्याहून जास्त काम नाक करतं, जीभ उगाच भाव खाते. आईला मी घरी एकदा हे करून दाखवलं. ती म्हणाली, "आम्ही पोरीला गुपचूप प्यायला शिकवलं, अन् हे फुरकायचा पगार देतेत."

पण चाचांनी शिकवलेली मोठी गोष्ट वेगळीच होती. ते म्हणायचे, "पत्ती कू मत पूछ, पानी कू पूछ." कपात पत्तीचा अंश असतो किती? बाकी पाणीच. जड पाण्यात चांगली पत्तीसुद्धा मान टाकते, चहा काळपट होतो, वर तवंग धरतो. गोड्या पाण्यात साधी पत्तीही खुलते. म्हणून आमच्या पेढीवर रिवाज असा की नवं गिऱ्हाईक आलं की त्याला म्हणायचं, घरचं पाणी घेऊन या. लोक बाटल्या घेऊन यायचे. अनोळखी माणसाला वाटायचं ही रक्त-लघवी तपासायची जागा आहे. त्या पाण्यात चहा करून, चाखून, मग त्या घराचं मिक्स ठरायचं.

बाहेरगावच्या वाचकांना एक सांगायला हवं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी येतं यावर पाहुणे बोलवायचे दिवस ठरतात. त्यामुळं एकेका घरात दोन-तीन पाणी नांदतात: नळाचं, बोअरचं, टँकरचं. पुन्हा प्यायला जार वेगळा. एका घरात तीन सुना सुखानं नांदतील, पण तीन पाण्यांचा चहा एकसारखा करणं महाकठीण. त्यावरच आमची पेढी चालली.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. एक गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, पाहुणा दुसरा कप मागणार नाही असं मिक्स द्या. मला राग आला. मी त्यांना पेढीतलं सगळ्यात झकास मिक्स बांधून दिलं. पुढच्या खेपेला त्यांनी दुप्पट नेलं, आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसरे एक काका ग्रीन टी न्यायचे. तीन महिने झाले तरी वजन उतरेना म्हणून भांडायला आले. विचारलं, कसा करता? तर आलं ठेचून, दूध-साखर घालून, चांगला उकळून. सोबत खारी. शेंद्र्याच्या कारखान्यांबाहेर टपरी टाकलेला एक जण म्हणायचा, "ताई, चव राहू द्या बाजूला. रातपाळीवाल्याची झोप उडाली पायजे." त्याचं मिक्स चाखलं की माझे कान गरम व्हायचे. अजिंठ्याकडच्या एका हॉटेलवाल्याची तक्रार अशी की गोरे पाहुणे चहाचा फोटो काढतात आणि पीत नाहीत. त्यावर माझ्याकडं पत्ती नव्हती.

चहाचा इतिहास मी पुस्तकातून कमी आणि चाचांच्या गादीजवळ बसून जास्त शिकले. चीनच्या कुण्या राजाच्या उकळत्या पाण्यात पान पडलं ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती सांगताना चाचा डोळे मिचकावायचे आणि म्हणायचे, राजानं स्वतः पाणी कशाला उकळलं असेल? आसामात तिथली माणसं चहाचं झाड आधीपासून ओळखत होती. इंग्रजांनी मळे लावले, पण पिणारे कुठून आणायचे? मग कंपन्यांची माणसं गावोगाव फिरून फुकट चहा पाजायला लागली. आमच्या आजोबांच्या पिढीनं त्याला नावं ठेवली. चहानं पित्त होतं, पोरं काळी होतात, भूक मरते. तरी फुकट होता म्हणून प्यायले, आणि तो सुटला नाही. पुढं पत्ती दाणेदार करायची यंत्रं आली, थोड्या पत्तीत पातेलंभर रंग यायला लागला, तेव्हा गरिबाच्या चुलीवर चहा चढला.

माझ्या वडिलांच्या गावात चहाचं एक हॉटेल होतं. आमच्या लोकांची कपबशी तिथं बाहेरच्या कोनाड्यात वेगळी असायची. आपणच काढायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा, आपणच विसळून ठेवायची. वडील त्या हॉटेलात पुन्हा गेले नाहीत. शहरात येऊन पेट्या वाहिल्या, पण त्या कोनाड्याचं त्यांना फार लागलं होतं. त्या हॉटेलवाल्याचा नातू आता आमच्याकडून मिक्स नेतो. मी चाखल्याशिवाय ते गाव चहा पीत नाही. नातू सांगत होता, हल्ली सगळ्यांनाच कागदी कप देतो, प्यायचा आणि फेकायचा. म्हणजे आता सगळ्या गावाची कपबशी वेगळी झाली. वडील असते तर पोट धरून हसले असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ती हकिकत. नावं बदलली आहेत, पत्ती तीच आहे.

पुंडलिकनगरच्या वत्सलावैनी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. नवरा शाळामास्तर, आता निवृत्त. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा चहाचे दर्दी अशी आख्ख्या गल्लीत ख्याती. लग्नघरी गेले तरी कप तोंडाला लावून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "घरचा निराळा असतो." हे वाक्य वैनींनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यात माझाही वाटा आहे असं धरून मी चालत होते. मिक्स माझंच होतं ना. आणि अण्णांनी बायकोची दुसरी कुठली गोष्ट वाखाणल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मास्तर माणूस, गुण हात राखूनच द्यायचा.

एका दुपारी पेढीवर एक तरुण मुलगी आली. कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात, हातात पाण्याची बाटली. मूळची अजिंठ्याची. म्हणाली, "मावशी, मी वत्सलाबाईंची सून. प्रियंका. आमच्या घरचं पाणी आणलंय. माझ्या चहात काय कमी हाय तेवढं सांगा."

तिला बसवलं. हळूहळू कळलं ते असं. सकाळचा पहिला चहा सासूबाई करतात, तो अण्णा शेवटच्या थेंबापर्यंत पितात. दुसरा, ती कामावर निघण्याआधीचा, प्रियंका करते. तो अण्णा अर्धा पितात आणि ठेवून देतात. बोलत काही नाहीत. तेच पातेलं, तीच पत्ती, तेच दूध. एकदा पहिला चहाही तिनंच करून पाहिला, तोही अर्धाच राहिला. मुलगी शेंद्र्याला एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होती. दिवसभर दुसऱ्यांचा माल पास-नापास करायचा आणि सकाळी घरातून निघताना स्वतः नापास होऊन निघायचं.

"लग्न होऊन वरीस होत आलं," ती म्हणाली. "एक कप पास होईना. महेशना म्हणलं, आपण कारखान्याजवळ फ्लॅट बघू. त्यांनी बघितला बी. पण असं नको वाटतंय मावशी. चहावरून घर सोडलं म्हणतील लोक."

मी बाटलीतलं पाणी उकळून चाखलं. बोअरचं, जड, बोअरमध्येही वरच्या नंबराचं. वैनींचं मिक्स तर मी नळाच्या पाण्यावर बांधलेलं होतं. त्या बाटली आणायच्या ती कायम नळाच्या पाण्याची. मी विचारलं, मग नळाचं पाणी कशासाठी वापरता? ती म्हणाली, येतं त्या दिवशी सगळं टाकीत सोडतात, बोअरमध्ये मिसळून जातं. एक तांब्याची हंडी तेवढी सासूबाई वेगळी भरतात. ती देवघराखाली असते. देवाचं पाणी आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

मी मनात म्हटलं, ह्या घरातल्या देवाला तहान फार दिसते. बोअरच्या पाण्यात माझ्या मिक्सचा तसा चहा व्हायला सात जन्म लागले असते. म्हणजे वैनी चहा देवाच्या पाण्याचा करत होत्या. सुनेला हे सांगावं तर सासूची लबाडी उघडी पाडल्यासारखं होणार. आमच्या धंद्यात एका चुलीची गोष्ट दुसऱ्या चुलीवर न्यायची नसते. मी दुसरा मार्ग धरला. प्रियंकाच्या बाटलीतल्या पाण्यावर तिच्यासाठी वेगळं मिक्स बांधलं, कडक ममरी वाढवली, भुकटी काढली. नळाच्या पाण्यात केलेल्या वैनींच्या चहाशेजारी ठेवून चाखलं. करीमचाचा आता फारसे गादीवर बसत नाहीत, पण त्या दिवशी होते. त्यांनाही दोन्ही कप दिले. म्हणाले, "हौ, सगी बहनां हैं." मी खुशीत पुडी बांधली.

आठवड्यानं पोरगी परत आली. अण्णांनी कप परत अर्धाच ठेवला होता.

खरं सांगते, मला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. पाण्यावर मिक्स बांधणं हीच माझी विद्या. त्यात माझा कप नापास झाला होता, आणि तोही एका मास्तराकडून.

मग एक दिवस वत्सलावैनीच आल्या. पत्ती घ्यायला आल्या, पण पोत्याकडं बघेनात. पोरगा वेगळा निघतोय म्हणाल्या. फ्लॅट पसंत पडला आहे, दिवाळी झाली की जातील. हे सांगताना त्यांनी पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. घर मोठं, दोनच माणसं उरणार. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "वैनी, तुमचा देव हंडीभर पाणी पितो होय?"

त्या दचकल्या. मग स्टुलावर बसल्या.

"देवाला वाटीभर लागतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं ह्यांच्या चहाला."

"आणि सुनेला सांगितलं नाही."

"नाय सांगितलं. पोरगी चांगली हाय गं सुजाता. पोळ्या माझ्याहून पातळ करती. बिलं भरती. ह्यांच्या गोळ्या तिच्याच ध्यानात राहतेत. समदं तिला जमतंय. मग माझं काय राहिलं? एक चहा."

मी एवढंच म्हटलं की चहा तुमचाच राहील पण प्यायला घरात कोण असेल ते बघा. त्या उठल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी हंडी देवघराखालून काढली, ओट्यावर आणून ठेवली आणि सुनेला सांगितलं, उद्यापासून चहा ह्या पाण्याचा करत जा. हे मला प्रियंकानं फोनवर सांगितलं. सासूनं न सांगताच तिला सगळं कळलं होतं आणि तरी तिला राग आला नव्हता.

आता पत्ती एक, पाणी एक, दूध एक, पातेलं एक. अण्णांनी कप अर्धाच ठेवला.

इथं मी हात टेकले. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, पत्ती झाली, पाणी झालं, आता पिणाऱ्याला विचार.

योगायोग असा की त्याच सुमारास पुंडलिकनगरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं मला बोलावलं. विषय, चहाचा इतिहास आणि आस्वाद. आस्वाद हा शब्द त्यांचा. आम्ही चाखणं म्हणतो. हॉलमध्ये चाळीसेक म्हातारी माणसं, पहिल्या रांगेत मधोमध अण्णा, शेजारी वत्सलावैनी. मी इतिहास सांगितला तोवर निम्मे पेंगले. पण कप मांडले तशी सगळी ताठ झाली. कोरा चहा बघून एक आजी कुरकुरल्या की आमच्यात असला चहा मयताच्या घरी पितात. मग फुर्र करून ओढायचं कसं ते दाखवलं. बायकांनी आधी तोंडाला पदर लावला, आणि मग अशा काही फुरकायला लागल्या की पुरुषांना जागा उरेना. एक बाई नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, आयुष्यभर ह्यावरून ह्यांना बोलले, आता काय करू?

शेवटी गंमत म्हणून मी चार कप ठेवले. चहाची पत्ती शेजारच्या वस्तूचा वास फार पटकन उचलते, हे लोकांना कळावं म्हणून एका कपातली पत्ती मी कपडे धुवायच्या साबणाच्या वडीसोबत डब्यात ठेवून आणली होती. कोणता कप बिघडलेला ते ओळखायचं. पहिल्या घोटालाच सगळे तोंड वेंगाडत होते. कुणीतरी म्हणालं, आता दर्दी माणसाला विचारा.

अण्णा उठले. पहिला कप घेतला आणि इकडंतिकडं बघायला लागले. मला वाटलं, साखर शोधतात. ते वैनींना शोधत होते, पण वैनी शेवटच्या चहासाठी आत स्वयंपाकघरात गेल्या होत्या. अण्णांनी चारही कप चाखले, घसा खाकरला आणि साबणाचा कप उचलून म्हणाले, "हा खरा चहा."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. अण्णांची चेष्टा म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णाही हसले, पण कप त्यांनी खाली ठेवला तेव्हा बशी वाजली. मी पटकन म्हटलं, मास्तर अजून वर्गाची परीक्षा घेतायत, आणि पुढच्या विषयाला लागले.

सगळे चहा-बिस्किटाला उठले तेव्हा अण्णा माझ्या टेबलाशी येऊन थांबले.

"बिघडलेला तोच होता ना?"

मी मान हलवली. ते खुर्चीवर बसले. शाळेत असताना त्यांना तपकीर ओढायची सवय होती. डबी कायम खिशात. तिच्यापायी नाक हळूहळू गेलं. डॉक्टरनं सोडायला लावली, त्यांनी सोडली, पण गेलेलं नाक परत आलं नाही. "गोड कळतं, गरम कळतं," ते म्हणाले. "बाकी सगळे चहा मला सारखेच. घरी कुणाला बोललो नाही. हिला तर नाहीच."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मी ज्या जिभेसाठी मिक्स बांधत होते ती जागेवरच नव्हती. आणि मग दुसऱ्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मग सुनेचा कप अर्धा कशाला ठेवता?"

अण्णांनी हातातली काठी नीट केली.

"ही चहा देते आणि दाराशी उभी राहते. मी पितो का ते बघत. मी सांगायच्या आधी माझं तोंड वाचते. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडं असं कोण बघतं, सुजाताबाई? सुनेचाही संपवला तर हिला वाटेल, आता ह्यांना कुणाचाही चालतो. मग ही कशाला उभी राहील?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी मी त्यांना झापलं. मोठ्या माणसाला झापायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता, पण झापलं. म्हटलं, अण्णा, तुमच्या ह्या लाडापायी पोरगा घर सोडून चाललाय. पोरगा कामाच्या जागेजवळ राहायला जातोय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. घरातल्या पुरुषाला घरातली गोष्ट सगळ्यात शेवटी कळते, त्यात हे मास्तर.

"चहामुळं?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्या कपामुळं," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी पत्ती पोचवायच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेले. खरं तर घरपोच पत्ती द्यायची पेढीची पद्धत नाही. प्रियंकानं चहा केला. अण्णांना कप दिला आणि नेहमीसारखी आत वळली. वैनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. अण्णा म्हणाले, "तू अशी इकडं बस. माझ्यासमोर." वैनींना काही सुचेना. माझ्यासारख्या परक्या बाईसमोर त्या नवऱ्यापुढं खुर्चीवर बसल्या, तेही काठावर. अण्णांनी प्रियंकाला हाक मारून सासूलाही कप द्यायला सांगितलं. मग बायकोकडं बघत बघत आपला कप रिकामा केला आणि बशीत पालथा घातला.

"पास," ते म्हणाले.

प्रियंका आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. महेश पेपर वाचत होता, त्याचं पान उलटायचं थांबलं. वैनींनी हातातल्या कपाला तोंड लावलं आणि लगेच काढलं. जन्मभर सगळ्यांना देऊन झाल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या प्यायची सवय. वाफाळलेला चहा त्यांच्या ओठांना ओळखीचाच नव्हता. फुंकून फुंकून प्यायल्या. अण्णा कप संपला तरी बसून राहिले आणि त्यांच्याकडं बघत राहिले. फ्लॅटवाल्याला महेशनं त्याच आठवड्यात नको म्हणून कळवलं, ते मला मागाहून समजलं.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं आहे. वैनी मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाल्या, "ह्यांनी तुला नाकाचं सांगितलं न्हवं?"

माझा पाय तिथंच थांबला. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"लई वर्सं झाली. एकदा दूध लागलं. घरभर करपट वास. टाकून देणार तर ह्यांनी प्यायला सुरुवात केली बी, अन् वर दुसरा कप मागितला. तवाच कळलं."

"मग सुनेचा कप का ठेवतात, तेही?"

"कळत व्हतं. माझ्यासाठी ठेवत व्हते." त्या जरा लाजल्या. "बरं वाटायचं गं. पोरीचं वाईट वाटायचं, तरी बरं वाटायचं."

नळ येईल त्या दिवशी पहाटे उठून हंडी भरायची, ती देवाच्या नावानं राखायची, उन्हातान्हात जुन्या बाजारात येऊन पत्ती चोळून, हुंगून, पारखून न्यायची, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "वैनी," मी म्हटलं, "त्यांना काहीच कळत नाही हे ठाऊक होतं, तर एवढं सगळं कशासाठी केलंत?"

वैनींनी फाटकाची कडी लावली. माझ्या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"त्यांना कळत नाय म्हणून कसाबी करून द्यायचा व्हय?"